वन्संचा नंबर

"वहिनी, हे म्हणतंय की हा पत्ता आधीच दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

वन्सं जेवणाच्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून बसल्या होत्या. समोर हॉस्पिटलमधून आणलेला लॅपटॉप, शेजारी बुटांच्या खोक्याएवढा एक लोखंडी डबा आणि दोघांना जोडणारी निळी वायर. मी पलीकडे मटारच्या शेंगा सोलत होते. घरात टेबल एकच, म्हणून आम्ही त्याची मधोमध वाटणी केली होती. तरी एखादं साल त्यांच्या हद्दीत गेलंच तर त्या ते दोन बोटांनी उचलून परत पाठवायच्या, चुकून आपल्या दारात पडलेल्या पत्रासारखं.

"मग दुसरा पत्ता द्या," मी म्हटलं.

"दुसरा कसा देऊ? मला ह्या डब्याशीच बोलायचंय."

"मग डब्यालाच विचारा, कुणाचा पत्ता आहे म्हणून."

वन्संनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तू शेंगा सोल," म्हणाल्या, आणि पुन्हा तेच आकडे पहिल्यापासून भरायला लागल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा त्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर नुकत्याच लागल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान. पण नणंदेला अहो-जाहो करायचं असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ती सवय जन्मभर राहिली. मी त्यांना अहो म्हणायची, त्या मला अगं म्हणायच्या, आणि भांडायची वेळ आली की दोघीही एकमेकींना काहीच म्हणायचो नाही, नुसती भांडी वाजायची. लग्नाचं त्यांच्या दोनदा जमत आलं आणि राहून गेलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि त्यांना त्याचं फारसं वाटत असेल असं मला तरी कधी दिसलं नाही.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, एक खिडकी नसलेली खोली होती. तिथे कानाला हेडफोन लावून, समोर भोकांचा बोर्ड घेऊन वन्सं बसायच्या. अख्ख्या इमारतीत कुणीही शून्य फिरवलं की वन्सं यायच्या. डॉक्टरांना बोलवायचंय, शून्य. बाहेर फोन लावायचाय, शून्य. हरवलेला नातेवाईक कुठल्या वॉर्डात आहे, शून्य. त्यांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. एकदा मी तापाने तिथे भरती होते, तर शेजारच्या खाटेवरची बाई मला सांगत होती, "फोनवरच्या बाईंचा आवाज ऐकला की बरं वाटतं हो." मी म्हटलं, त्या बाईंनी आज सकाळी माझ्याशी दुधावरून भांडण केलंय.

त्यांच्या धंद्याची एक सवय होती. कुणी नंबर सांगितला की तो आकडा आकडा सुटा करून परत म्हणून दाखवायचा आणि मगच लावायचा. घरीही तेच. बाहेर पडताना मी म्हणायचे, येताना साबण आणा, तर दारात उभ्या राहून म्हणणार, "एक साबण, दादाचं औषध, आईसाठी केळी, पिकलेली." ह्यांना त्याचा राग यायचा. "अगं बाई, कळलं, जा आता," म्हणायचे. पण बाजारातून कधी काही आणायचं राहिलं असेल तर ते ह्यांच्याकडून, वन्संकडून नाही.

मग हॉस्पिटलात नवं यंत्र आलं. फोन ते स्वतःच उचलायचं आणि ह्या विभागासाठी एक दाबा, त्या विभागासाठी दोन दाबा असं सांगायचं. जिन्याखालच्या खोलीत झाडू ठेवायला लागले. टेलिफोनवरच्या माणसांना दोन वाटा दिल्या. एक, कॉम्प्युटर सेक्शनमध्ये प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, जमलं तर तिथे सामावून घेऊ. नाही जमलं तर हॉस्पिटलची दुसरी शाखा होती, दिवसभराच्या प्रवासावर, तिथे स्वागत कक्षात बसायचं. दुसऱ्या सगळ्या जणी बदलीला तयार झाल्या. वन्संना ते शक्य नव्हतं, सासूबाईंमुळे.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. बोलणं जवळजवळ गेलं होतं. अंघोळ घालू द्यायच्या माझ्याकडून, केस विंचरू द्यायच्या, कूस बदलू द्यायच्या. पण चमचा मात्र वन्संच्याच हातचा लागायचा. मी किंवा ह्यांनी तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. का, ते कुणालाच कळलं नाही. वन्सं दुपारी धावत घरी यायच्या, पदर खोचून पलंगाशी बसायच्या आणि घासामागून घास भरवताना हळू आवाजात हॉस्पिटलच्या बातम्या सांगायच्या: आज कोण कुणावर फोनवर ओरडलं, कुणाला जुळं झालं, कुठल्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं की मी ऑपरेशनमध्ये आहे आणि होते कँटीनमध्ये. सासूबाई ऐकत ऐकत तोंड उघडायच्या. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. खाणं थांबलं तर नाकातून नळी घालावी लागेल. वन्सं दुसऱ्या गावी गेल्या असत्या तर ती नळी ठरलेली होती.

म्हणून तो डबा आमच्या टेबलावर आला होता. कॉम्प्युटर सेक्शनचे जे साहेब होते त्यांना सगळे पिंगसाहेब म्हणत, कारण काहीही बिघडलं तरी ते आधी म्हणायचे, "पिंग करून बघा," म्हणजे त्या यंत्राला हाक मारून ते ओ देतं का बघा. माणूस सज्जन. रविवारपासून आठवडाभरासाठी एक जुना लॅपटॉप आणि वापरातून काढलेला डबा त्यांनी वन्संना घरी नेऊ दिला. त्या डब्याला म्हणायचं स्विच. हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर कपाटात असा एक असतो, सगळ्या खोल्यांतल्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यात येऊन मिळतात. त्याला स्वतःचा पडदा नाही, बटणं नाहीत. त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर लॅपटॉप वायरीने जोडून त्याच्याशी बोलावं लागतं. एवढंच काम वन्संना करून दाखवायचं होतं.

"स्विच म्हणे," हे डब्याभोवती फिरून म्हणाले. "आणि बटण कुठंय?"

"दादा, तू पेपर वाच."

सकाळपासून दुपार झाली तरी वन्संचं गाडं अडलेलंच होतं. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता छापला होता, १९२.१६८.१.१. लॅपटॉपवर एक चौकट होती, तिच्यात आकडे भरायला रिकाम्या जागा. वन्सं त्यात डब्याचा पत्ता बिनचूक भरत, स्वतःशी परत म्हणून दाखवत, बटण दाबत, आणि ते पुन्हा तेच म्हणे, हा पत्ता दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्याच्या खालच्या ओळीला मास्क म्हणतात हे कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलं होतं. "हॉस्पिटलचंच आहे म्हणजे," त्या म्हणाल्या होत्या. पण विनोदाने काम होत नव्हतं.

शेवटी त्यांनी पिंगसाहेबांच्या घरी फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, पण पलीकडचं त्यांनी नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही त्या चौकटीत कुणाचा पत्ता टाकताय? वन्सं म्हणाल्या, ज्याच्याशी बोलायचंय त्याचा. साहेब हसले. पण वाईट हसले नाहीत, असं वन्संनी मुद्दाम सांगितलं.

"बाई, तुम्ही फोन लावताय," ते म्हणाले. "तिथे त्याचा नंबर नाही टाकायचा. तिथे तुमचा टाकायचा. आधी आपण कोण ते ठरवायचं, मग त्याला हाक मारायची. तुम्ही त्याचंच नाव स्वतःला देऊन त्याला हाक मारली, तर तो ओ कसा देणार?"

त्यावर वन्संनी जे विचारलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"पण साहेब, माझा कुठला नंबर?"

मी शेंगा सोलायची थांबले. त्यांच्या तोंडून ते इतकं साधं आलं, की त्यात काही आहे हे त्यांना स्वतःला जाणवलं असेल असं मला वाटत नाही. एवढी वर्षं त्यांनी माणसाला माणूस जोडून दिला, रोज शेकडो नंबर हाताखालून गेले, पण त्यातला एकही त्यांचा नव्हता. शून्य फिरवलं की येणाऱ्या त्या बाई. घरचा फोन ह्यांच्या नावावर, खोली सासूबाईंची.

साहेबांनी सांगितलं, तुम्हीच ठरवा. पहिले तीन आकडे त्याचेच ठेवा, म्हणजे तुम्ही दोघं एका ओळीत राहाल. शेवटचा आकडा मात्र तुमचा हवा, दुसऱ्या कुणाचा नको.

वन्सं येऊन बसल्या. कर्सर लुकलुकत होता.

"कुठला घेऊ?"

"घ्या की कुठलाही," मी म्हटलं.

"कुठलाही कसा? सांग ना."

मी म्हटलं, दोन घ्या, त्याच्या शेजारचाच. तर म्हणे, नको, लगेच शेजार नको, रोजची कटकट. हे पेपरामागून म्हणाले, घराचा नंबर घाल. वन्सं म्हणाल्या, तो घराचा झाला. मग जन्मसाल निघालं, माझ्या लग्नाची तारीख निघाली. एवढी चर्चा आमच्या घरात मुलाचं नाव ठेवतानाही झाली नव्हती. शेवटी वन्संनी आमचं दोघांचं ऐकणं सोडलं आणि सत्त्याहत्तर टाकला.

"सत्त्याहत्तर का?" ह्यांनी विचारलं.

"मला आवडतो."

हे पेपर खाली घेऊन बहिणीकडे बघत राहिले. वांगी आवडतात का, हा रंग आवडतो का, असं काहीही विचारलं तर वन्संचं उत्तर ठरलेलं असायचं, "मला काय, काहीही चालेल." सत्त्याहत्तर आवडतो हे आम्हाला दोघांनाही नवीन होतं.

मग त्यांनी काळ्या चौकटीत पिंग लिहून डब्याचा पत्ता टाकला, आणि खाली एकामागून एक ओळी उमटल्या. वन्संनी त्या वाचल्या, मान हलवली आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं, "घंटी वाजली. उचलला."

परीक्षेच्या दिवशी मला त्यांनी बरोबर नेलं. डबा परत द्यायला आलेय असं सांग आणि बाकावर बस, म्हणाल्या. ह्यांनी सुट्टी घेतली आणि आईजवळ थांबले. ज्या कपाटातल्या स्विचवर परीक्षा होती ते बाह्यरुग्ण विभागाच्या बोळात, पेशंटांच्या बाकांसमोरच. मी दोन खोकणाऱ्या माणसांच्या मधे जागा करून बसले. एकाने मला विचारलं, तुमचा कितवा नंबर? मी म्हटलं, माझा नाही, आमच्या वन्संचा आहे.

कपाटापुढे स्टूल ठेवलं होतं. बाजूला पिंगसाहेब आणि ऑफिसातल्या एक बाई. ह्या बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. वन्संनी नवी साडी नेसली नव्हती, पण चष्मा लख्ख पुसला होता. त्यांनी लॅपटॉप उघडला, हवेतून येणारं नेट बंद केलं, वायर लावली, दिवा लागला का ते वाकून पाहिलं. मग चौकट उघडली आणि न अडखळता आकडे भरले. मला लांबूनही कळलं की सत्त्याहत्तर टाकला.

मग पिंग केलं. आणि काहीच झालं नाही.

म्हणजे ओळी आल्या, पण साहेबांचा चेहरा बघून मला कळलं की त्या चांगल्या नव्हत्या. तिथे पोहोचता येत नाही, असं ते लिहून दाखवत होतं. वन्संनी वायर काढून परत लावली. दुसऱ्या भोकात लावली. दिवा लागत होता, उत्तर येत नव्हतं. ऑफिसच्या बाईंनी पुन्हा घड्याळ बघितलं आणि साहेबांच्या कानाशी काही बोलल्या. साहेबांनी मान हलवली, होकाराची का नकाराची ते समजलं नाही. माझ्या मांडीवरचा डबा मी घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांपुढे वन्सं नव्हत्या, सासूबाईंचं नाक होतं.

वन्सं हात मांडीवर ठेवून बसल्या. कुणी नंबर चुकीचा सांगितला आणि वर आपल्यावरच ओरडलं की त्या तशा बसत असणार. मग त्यांनी स्विचवरच्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. फोनवरच्या आवाजात.

"एक नऊ दोन. एक सहा आठ. दहा. एक."

माझ्या शेजारच्या माणसाने खिशातून आपला टोकन नंबर काढून बघितला. समोरून एक वयस्क नर्स ट्रे घेऊन चालली होती, ती त्या आवाजाला एकदम थांबली आणि इकडे तिकडे बघायला लागली.

वन्संनी बोट लॅपटॉपच्या पडद्यावर नेलं. "एक नऊ दोन. एक सहा आठ. एक."

आणि तिथेच थांबल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हा दहाच्या ओळीत आहे. मी घरच्याच ओळीत बसलेय."

घरी आठवडाभर पाठ केलेलं हाताने आपलं आपण लिहून टाकलं होतं. त्यांनी तिसरा आकडा खोडला, दहा केला. सत्त्याहत्तर तसाच ठेवला. ह्या वेळी ओळी आल्या तेव्हा साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग स्विचचं पान उघडलं, सांगितलेलं काम वन्संनी करून दाखवलं आणि ऑफिसच्या बाई उठून निघाल्या.

"थांबा, माझं संपलं नाही," वन्सं म्हणाल्या. पुन्हा ती चौकट उघडून त्यांनी भरलेले सगळे आकडे पुसले आणि लॅपटॉप होता तसा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवला. "नाहीतर उद्या हा दुसऱ्या कुणी उघडला तर चालणार नाही. त्याला वाटेल बिघडला."

पिंगसाहेब म्हणाले, "बाई, सोमवारपासून वर या." सेक्शन वरच्या मजल्यावर होतं.

घरी आलो तर हे पलंगाशी वाटी घेऊन बसले होते. भात वाळून वाटीला चिकटला होता. "तोंडच उघडत नाही गं," म्हणाले. एवढा मोठा माणूस रडकुंडीला आला होता. मग एकदम आठवून विचारलं, "काय झालं तिकडे?"

"थांब दादा, आईला सांगू दे आधी."

वन्संनी हात धुतले, ताजा भात कालवला, पदर खोचला. पहिला चमचा पुढे करत हळू आवाजात सुरुवात केली, "आज काय झालं माहितीये का आई, एक बाई घरचाच पत्ता घेऊन दुसऱ्याच्या दारात गेली." सासूबाईंनी तोंड उघडलं. ह्यांनी आणि मी स्वयंपाकघरात येऊन चहा टाकला, आणि बाहेरून जेवढं ऐकू आलं तेवढ्यावरून निकाल समजून घेतला.

त्यानंतर वन्सं सेक्शनमध्ये चांगल्या रमल्या. शिडीवर चढायच्या, छताची फरशी सरकवून वायरी ओढायच्या, केसांत धूळ घेऊन घरी यायच्या. दुपारचं भरवणं एकदाही चुकलं नाही. सासूबाई बरीच वर्षं राहिल्या. नळी शेवटपर्यंत लागली नाही. गेल्या तेव्हा सकाळची वेळ होती आणि वन्सं जवळ होत्या.

घर जरा सावरल्यावर एक दिवस जेवताना वन्संनी सांगितलं की त्यांनी बदली मागून घेतलीय. त्याच दुसऱ्या शाखेत. तिथे सेक्शन नवीन सुरू होतंय आणि जाणतं माणूस हवंय.

ह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी नाही नाही ते विचारलं. इथे काय कमी आहे, वहिनी काही बोलली का, ह्या वयात एकटी राहणार का, आजारी पडलीस तर कोण बघणार. वन्सं प्रत्येकाचं उत्तर देत होत्या, कमी काही नाही, वहिनी काही बोलली नाही, हो एकटीच राहणार, हॉस्पिटलातच तर आहे मी.

"अगं, तिकडे जावं लागू नये म्हणून तर तेव्हा जिवाचा आटापिटा केलास," हे म्हणाले.

"तेव्हा मला पाठवत होते, दादा. आता मी जातेय."

बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण ते सगळं माझ्या सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची बॅग भरायला बसले, आणि कुठली साडी आत, कुठली बाहेर ह्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा कुठे दोघींना बरं वाटलं.

काही महिन्यांनी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. ह्यांचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. शाखा लहान, बसकी इमारत. विचारत विचारत सेक्शनपर्यंत पोहोचले तर वन्सं शिडीवर होत्या, डोकं छतात, फक्त पावलं दिसत होती. पावलांवरून मी ओळखलं. खालून दोघंजण त्यांना काही विचारत होते आणि त्या वरूनच उत्तरं देत होत्या. मी आलेली कळल्यावर छतातून आवाज आला, "वहिनी, बस तिथे. एवढं झालं की निघू."

मी बसले. त्यांनी घाई केली नाही, आणि ते मला आवडलं.

मग आम्ही त्यांच्या खोलीकडे निघालो. दुतर्फा दुकानं, मधे अरुंद फुटपाथ, दोघींना शेजारी चालता येईना. इतक्या वर्षांत आम्ही कुठेही निघालो तरी पुढे हे असायचे, मग मी, आणि घराला कुलूप लावून, ते ओढून बघून, किल्ली पर्समध्ये टाकून सगळ्यांत मागून वन्सं. इथे त्या पुढे होत्या. वाट त्यांची होती. कुठे खड्डा आहे, कुठे रस्ता ओलांडायचा, हे मागे न बघता सांगत चालल्या होत्या. एका दुकानदाराने त्यांना हात केला, त्यांनीही केला. मधेच काहीतरी म्हणाल्या ते मला रहदारीत ऐकू आलं नाही.

मला दम लागला होता. हाक मारली असती तर थांबल्या असत्या. मी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या मागोमाग चालत राहिले.